शब्द गिळायची सोय

चतुर्दशीच्या सकाळी केतकीनं सासऱ्यांच्या गळ्यावरची कंठी उतरवली, नखानं मागचं झाकण उघडलं आणि बॅटरी बाहेर ओढली. बॅटरी हातात आली तशी तळहातावरची कंठी सासऱ्यांच्या आवाजात म्हणाली, "केतकीला कळता कामा नये."

एवढं बोलून कंठी बंद पडली. सासरे, म्हणजे आण्णा, समोर पाटावर बसले होते, तोंड मिटून. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग पाटाच्या कडेकडं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. अष्टमी-चतुर्दशीला दुपारपर्यंत त्यांचं मौन असायचं. तेवढ्या वेळात विजेवर चालणारी वस्तू अंगावर ठेवायची नाही, असाही त्यांचा नियम होता. कंठी नुसती बंद केलेली त्यांना चालायची नाही, आतली बॅटरीसुद्धा काढावी लागायची. आता दुपारपर्यंत त्यांना काही विचारता येणार नव्हतं, आणि ही गोष्ट आण्णांच्या फारच पथ्यावर पडली आहे, असं केतकीला वाटलं.

लगेच असं वाटावं हा तिचा स्वभावच. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली तर ती जुडी आधी उलटून बघायची. "लग्नात मंगलाष्टकं चालू होती, तर हिनं अंतरपाटाखालून माझे पाय बघून घेतले, ठरलेलाच माणूस उभा आहे ना म्हणून," असं तिचा नवरा अभिनंदन पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे हसायचे. केतकीही हसायची, कारण ते खरं होतं.

पण तिला ज्या कामाचा पगार मिळायचा त्या कामाला संशयी माणूसच लागतो. ते काम इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

घशाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं त्यांचा आवाज जातो, बोलायची इच्छा जात नाही. मेंदू पूर्वीसारखेच हुकूम सोडत राहतो. ते हनुवटीखालच्या आणि जिभेच्या मुळाजवळच्या स्नायूंपर्यंत नीट पोचतात, पण पुढं वाजायला काही उरलेलं नसतं. मिरजेतल्या एका लहानशा कंपनीनं या स्नायूंवर लक्ष ठेवणारी एक पट्टी बनवली. गळ्यावर बांधली की ती हे हुकूम ओळखते, त्यांचे शब्द करते आणि त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलते. तीच कंठी. केतकी आणि अभिनंदन दोघंही त्याच कंपनीत होते. ती चिपवरच्या प्रोग्रॅमचं बघायची, तो रुग्णांच्या चाचण्यांचं.

आण्णा, म्हणजे नेमगोंडा आरवाडे, सांगलीच्या एका शाळेतले पी.टी.चे निवृत्त सर. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न घालणाऱ्या या माणसाला घशाचा कॅन्सर झाला आणि चाचणीच्या पहिल्या रुग्णांत त्यांचं नाव लागलं. त्यांचा आवाज शाळेच्या जुन्या व्हिडिओंतून उचलला होता. ते सगळे क्रीडासंमेलनाचे निघाले, त्यामुळं आण्णा नुसतं "चहा दे" म्हणाले तरी घरातली माणसं नकळत ताठ उभी राहायची.

कंठी बनवताना एक गोष्ट नव्यानं कळली होती. माणूस बोलायला निघतो आणि ऐनवेळी थांबतो, तेव्हा शब्द तयार झालेले असतात, स्नायूंपर्यंत आलेले असतात. फक्त जिभेचं मूळ किंचित मागं ओढलं जातं आणि ते आत राहतात. शब्द गिळणं हे नुसतं म्हणायला नाही, शरीर ते खरोखर करतं. कंठीला शब्दही कळतात आणि गिळणंही कळतं. म्हणून तिच्यात शब्दांना थांबायची एक जागा ठेवली होती. श्वास पुढं आला की थांबलेले शब्द बोलले जायचे आणि जीभ मागं गेली की ते रद्द व्हायचे. रद्द म्हणजे पुसलेले नव्हेत. पुसायला वीज लागते. नवे शब्द वर येऊन पडेपर्यंत जुने तिथंच राहायचे, मुकाट.

आता केतकीचं काम. कंठीतली चिप मसुरीच्या डाळीएवढी. गळ्याला चिकटून असल्यानं ती तापून चालत नाही, म्हणून तिला वीज थोडी आणि मेमरीही थोडी. आणि प्रोग्रॅम कुठलाही लिहा, अक्षरं जोडणं, आकडे लिहिणं, मेमरी वाटून देणं असली रोजची कामं कुणीतरी करून द्यावी लागतात. सी भाषेत ती एका लायब्ररीकडं असतात. मोठ्या कॉम्प्युटरची लायब्ररी एवढ्याशा चिपमध्ये मावत नाही, म्हणून लहान चिपसाठी वेगळी लहान लायब्ररी असते, आणि तीही जशीच्या तशी घेत नाहीत. बांधणीआधी तिच्यातल्या प्रत्येक सोयीपुढं हो किंवा नाही लिहायचं असतं. दशांश चिन्हाचे आकडे छापायचे? नाही. देशोदेशीच्या वेळा? नाही. देवनागरी? हो. हो लिहिलं तेवढंच चिपमध्ये जातं, बाकीचं कधी लिहिलंच नव्हतं असं होतं. केतकी एकेका सोयीला दारात उभी करून, तुझं इथं काय काम, असं विचारायची आणि बहुतेकींना परत पाठवायची.

त्यांतली एक सोय अशी: बंद होताना उरलेलं बाहेर काढा. तिच्यात वाईट काही नाही. यंत्र बंद पडताना थांबायच्या जागेत काही राहिलं असेल तर ते वाया जाऊ नये, म्हणून लायब्ररी ते आधी बाहेर पाठवते. बॅटरी ओढल्यावरही थोडी वीज आत शिल्लक असते, तेवढ्यात हे काम होतं. पाऊस मोजणाऱ्या यंत्रात ही सोय हवीच. पण माणसाच्या गळ्यावरच्या यंत्रात उरलेलं म्हणजे गिळलेलं. केतकीनं त्या सोयीपुढं नाही लिहिलं होतं, आणि आपण काय लिहिलं ते विसरणारी बाई ती नव्हती.

दुपारी मौन सुटल्यावर तिनं आण्णांना विचारलं. आण्णांनी कंठी बांधून घेतली आणि म्हणाले, "मशीन आहे ते. काहीही बडबडतंय." मग झाडांना पाणी घालायचं म्हणून उठून गेले. झाडांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

आण्णा खोटं बोलत नाहीत, ही घरात आणि गावात मानलेली गोष्ट. शाळेच्या सामन्यात पंच असताना स्वतःच्या मुलाला शून्यावर पायचीत दिलेला माणूस. त्यामुळं केतकीनं आधी मशीनवरच संशय घेतला. कंठी कधीकधी अंदाजानं एखादा शब्द भरते, पण सुनेच्या नावासकट अख्खं वाक्य ती कुठून आणणार? मग तिला वाटलं, आजार उलटला असेल आणि हे लपवत असतील. तिनं डॉक्टरांना गुपचूप फोन केला. रिपोर्ट स्वच्छ होता, डॉक्टरांनी वर आण्णांचं कौतुक केलं. मग राहिलं काय? आपल्या पाठीमागं या घरात काहीतरी चाललंय एवढं तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आण्णांची कंठी तपासणीच्या नावाखाली ऑफिसात नेली आणि आतला प्रोग्रॅम वाचून काढला. तिनं बांधलेल्यापेक्षा तो मोठा होता. फार नाही, पण दहा ठिकाणी काटकसर करणाऱ्या बाईला तेवढा फरक डोळ्यांत खुपतो. तिनं परत पाठवलेली सोय आत येऊन बसली होती. शिवाय तिला एक वाट काढून दिली होती. रात्री कंठी चार्जिंगच्या स्टँडवर ठेवली की बंद व्हायची, आणि बंद होताना दिवसभराचं उरलेलं त्या स्टँडमधून थेट कंपनीच्या सर्व्हरवर जायचं. आवाज न होता, रोज, प्रत्येक रुग्णाचं. स्टँड नसेल तरच ते नेहमीच्या वाटेनं, म्हणजे बोलून, बाहेर पडायचं. ज्यानं कुणी हे केलं त्याच्या डोक्यात सगळी माणसं स्टँड वापरणारी होती. अष्टमी-चतुर्दशीला हातानं बॅटरी काढायला लावणारा रुग्ण त्याच्या ध्यानात आला नव्हता.

दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी तिला सही करायची होती. कंठीतला प्रोग्रॅम मी ठरवला तसाच आहे, अशी तिची सही झाली की राज्यभरातल्या रुग्णांना कंठ्या जायच्या होत्या. त्या सहीनं आता हजारो माणसांच्या घशातलं तिच्या नावावर बाहेर निघणार होतं.

बांधणीचा सर्व्हर इरफान मुजावर सांभाळायचे. सतारी करणाऱ्यांच्या घरातले, बोलणं कमी आणि लक्ष फार. तिनं त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. तेही गेले काही दिवस तिच्याकडं जरा वेगळं बघत होते, ते का हे तिला आता कळलं. त्यांनी पडद्यावर नोंद दाखवली. नाही होतं ते चार दिवसांपूर्वी हो केलेलं, आणि करणारीचं नाव केतकी आरवाडे.

"मी नाही केलं हे, इरफानभाई."

"मला वाटलं तुम्हीच केलं. म्हणून बोललो नाही," ते म्हणाले. मग नोंदीच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "तुमच्या घरच्या लॅपटॉपवरून झालंय, मॅडम. हे इथं नका विचारू. घरी विचारा."

आता एवढ्या संशयी बाईचा पासवर्ड दुसऱ्याला कसा माहीत, असं कुणी विचारील. ऑफिसात ती कीबोर्डवर आडवा हात धरून पासवर्ड टाइप करायची. घरी मात्र तो वाय-फायचा, गॅसच्या बुकिंगचा आणि वीजबिलाचाही होता, आणि लॅपटॉपला एका कागदावर लिहून चिकटवलेला होता. नवरा-बायकोत पासवर्ड कसला लपवायचा, असं तीच म्हणाली होती. जिनं कोथिंबिरीची जुडी सोडली नाही तिनं घर तेवढं सोडलं होतं.

घरात माणसं तीन. आण्णांना लॅपटॉप उघडता येत नव्हता. हिशेब तिथंच संपत होता, पण केतकीला तो संपवायचा नव्हता. पुढचे काही दिवस ती अभिनंदनकडं चोरून बघत राहिली. तो फोन घेऊन गॅलरीत गेला की ती पडदे सारखे करायला जायची. तो नेहमीसारखा होता. तिच्या डब्यात आठवणीनं चटणी भरत होता, गाडीचं पेट्रोल बघत होता. हा माणूस असं करणार नाही, असं तिला दिवसातून दहा वेळा वाटायचं आणि अकराव्या वेळी वाटायचं, की मग हा इतका प्रेमानं का वागतोय. आपल्याच नवऱ्याच्या चटणीवर संशय घ्यायची वेळ आली याचं तिला रडू यायचं.

मग अष्टमी आली. सकाळी आण्णा पाटावर बसले आणि आपणहोऊन त्यांनी गळा पुढं केला. केतकीनं कंठी उतरवली. बॅटरी काढताना या वेळी तिनं कंठी कानाशी धरली होती.

"सोमवारी सही करू नकोस, पोरी."

तिनं मान वर केली. आण्णा तिच्याकडंच बघत होते. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून तिघं बसले. आण्णांनी दोन घास खाल्ले आणि उठून मागच्या खोलीत गेले. केतकीनं भाकरी अर्धी मोडून अभिनंदनच्या ताटात ठेवली आणि सरळच विचारलं, माझ्या नावानं ती सोय तू सुरू केलीस का.

तो दचकला नाही. बराच वेळ वाट बघितलेल्या माणसासारखा त्यानं पाण्याचा घोट घेतला. "केली," म्हणाला. "एक हो-नाही आहे, केतकी. तू रोज शंभर करतेस."

मग त्यानं तिला कोरे मास्तरांची गोष्ट सांगितली. ते चाचणीतले रुग्ण. पोटात दुखत होतं, पण मुलांना त्रास नको म्हणून महिनोन्महिने ते बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा उशीर झाला होता. अभिनंदन त्यांच्या मातीला गेला होता. दुखतंय हा शब्द रोज त्यांच्या घशापर्यंत आला असणार, कंठीनं तो रोज ऐकला असणार आणि रोज टाकून दिला असणार, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून आला. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलवाल्यांना हेच हवं होतं. रुग्ण जे सांगत नाही ते कळलं तर ते कंठी घेणार होते, आणि त्यांनी घेतली नाही तर ही कंपनी फार दिवस चालणार नव्हती.

केतकीनं ऐकून घेतलं. तिला त्यातलं बरंचसं पटत होतं आणि त्याचाच राग येत होता. माणूस नुसतं दुखणंच गिळतो का, असं तिनं विचारलं. बायकोबद्दलचं गिळतो, भावाबद्दलचं गिळतो, रागाच्या भरात तोंडावर आलेलं गिळतो म्हणून तर घरं टिकतात, तेही सगळं हॉस्पिटलच्या सर्व्हरवर जाणार का? ते गाळता येईल, असं तो म्हणाला.

"मग लोकांना विचारून घे की."

"विचारलं की माणूस सावध होतो," अभिनंदन म्हणाला. "सावध माणूस गिळतसुद्धा नाही बघ. मनातच जिरवतो. मग कंठीला काय मिळणार?"

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की केतकीला त्याची भीती वाटली. माझं नाव का वापरलंस, असं तिनं विचारलं. त्यावर तो म्हणाला, नावाचं काय एवढं, घरचंच तर आहे. आणि मग ताटाकडं बघत, "सोमवारी सही करून टाक. तू आरडाओरडा केलास तर रेकॉर्डवर तुझंच नाव निघणार. मला ते नको आहे."

ही काळजी होती की धमकी, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. बारा वर्षं ज्याच्याशेजारी झोपलो त्याच्या एका वाक्याचा अर्थ आपल्याला लागत नाही, याचं दुःख तिला त्या सहीच्या प्रकरणापेक्षा जास्त झालं.

ती मागच्या खोलीत गेली. आण्णा कंठी बांधून खिडकीशी बसले होते. तिनं त्यांच्यासमोर बसून सांगितलं, की मला सगळं कळलंय आणि मी चाचण्यांच्या नीती समितीकडं जाणार आहे. पण कागदोपत्री सगळं माझ्याच नावावर आहे. मी केलं नाही हे जाणणारं माणूस तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही समितीला सांगाल का?

आण्णांचा गळा हलला. कंठी काही बोलली नाही. पुन्हा हलला. मग कंठी म्हणाली, "नियम घेतलाय."

हळूहळू एकेक वाक्य करत त्यांनी जे सांगितलं ते असं. मुका माणूस बहिराही असतो असं लोक धरून चालतात. कंठी उतरवलेली असताना अभिनंदन त्यांच्या देखत फोनवर सगळं बोलला होता. मग त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्यानं वडिलांना बस्तीत नेलं. जैन मंदिराला सांगलीकडं बस्ती म्हणतात. तिथं देवासमोर त्यानं त्यांना नियम घ्यायला लावला, की ही गोष्ट मी कुणाला बोलून सांगणार नाही. आण्णांनी आयुष्यात घेतलेला एकही नियम मोडलेला नव्हता. पर्युषणातले नाही, चतुर्दशीचा नाही, कुठलाच नाही. केतकीनं जास्त आग्रह केला नाही. तिला त्यांची कीव आली आणि चीडही आली, आणि यातलं कुठलं जास्त हे ठरवत न बसता तिनं समितीच्या अध्यक्षांना मेल लिहिली.

शनिवारी मिरजेत समिती बसली. अध्यक्ष डॉ. कित्तूर, दोन डॉक्टर, एक वकीलबाई, एक समाजसेवक. रुग्णांच्या वतीनं बोलायला आण्णांना आधीपासूनच बोलावणं होतं, त्यामुळं तेही टेबलाच्या कडेला बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. केतकीनं आपला प्रोग्रॅम आणि कंठीतला प्रोग्रॅम शेजारी ठेवून सगळं दाखवलं. स्टँडची वाट दाखवली. मग डॉ. कित्तूरांनी जे विचारणं भाग होतं ते विचारलं, की हा बदल कुणी केला.

चाचण्यांचं बघणारा म्हणून अभिनंदनही तिथं होता, त्यानं नोंद पुढं सरकवली. त्याचा आवाज स्थिर होता, पण तो केतकीकडं बघत नव्हता. बदल मॅडमच्या नावानं झालेला आहे, म्हणाला. बाकी आपल्याला माहीत नाही.

ते ऐकून आण्णांचा गळा हलला. समोर बसलेल्या सगळ्यांना दिसलं, त्यांतले तिघं तर घशाचेच डॉक्टर होते. जिभेचं मूळ मागं गेलं. डॉ. कित्तूरांनी हलकेच विचारलं, "आरवाडे सर, तुम्हाला यातलं काही माहीत आहे का?" आण्णा गप्प राहिले. गळा मात्र पुन्हा हलला.

तेव्हा एका तरुण डॉक्टरला ते सुचलं. म्हणाला, सरांना बोलायचं नसेल तर राहू दे, बॅटरी काढून बघू या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम उत्सुकता आली. भली माणसं होती ती. गिळलेले शब्द कुणी चोरू नयेत हे बघायलाच तिथं बसलेली, आणि आता एका म्हाताऱ्या माणसाच्या घशातलं ऐकायला खुर्चीत पुढं सरकली होती. वकीलबाईंनीसुद्धा हरकत घेतली नाही. केतकीला वाटलं, काढू दे. एका क्षणात आपण सुटू. आण्णांचाही नियम मोडणार नाही, त्यांना मुलाचं नाव घ्यावं लागणार नाही, मशीन सांगून टाकेल. कंठी तिच्या हाताच्या अंतरावर होती.

"नाही," ती म्हणाली. "ते त्यांनी गिळलंय."

डॉ. कित्तूरांनी तिला समजावलं, की मग ही जबाबदारी तुमच्यावर येईल. चौकशी होईल, नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. केतकी म्हणाली, येऊ दे. तिला आतून भयंकर भीती वाटत होती. धीट म्हणून ती तसं म्हणाली नाही, दुसरं काही म्हणता येईना म्हणून म्हणाली.

आण्णांनी गळ्यावरच्या कंठीवर हात ठेवला. सगळ्यांना वाटलं, ते ती काढून देतायत. त्यांनी ती घट्ट दाबून धरली.

"बॅटरी नको," ते म्हणाले. "मी बोलतो." मग टेबलाकडं बघून, "हे माझ्या मुलानं केलं. अभिनंदननं. हिच्या नावावर केलं. मी ऐकलं होतं आणि गप्प बसलो होतो."

अभिनंदन खुर्चीत वळला. वडिलांना म्हणाला, "आण्णा, तुम्ही देवासमोर नियम घेतला होता."

"घेतला होता," आण्णा म्हणाले. "मोडला."

त्यानंतर जे झालं ते कामकाज होतं. सोमवारची सही रद्द झाली, सर्व्हरवर साठलेलं सगळं मोहोरबंद करायचं ठरलं, अभिनंदनला लेखी म्हणणं मागितलं. तो उठून गेला आणि गाडी घेऊनच गेला, ते खाली आल्यावर केतकीला कळलं. घरी गेल्यावर तो असेल की नसेल, आणि असला तर आपण त्याला काय म्हणणार आहोत, याचा विचार तिला करवेना. तिनं रिक्षा केली. सांगलीपर्यंत आण्णा बाहेर बघत राहिले.

बस्तीच्या गल्लीशी आल्यावर त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. आज एक मुनी महाराज तिथं मुक्कामाला होते. मोडलेल्या नियमाचं प्रायश्चित्त त्यांच्याकडून घ्यायचं, असं आण्णांनी सांगितलं. खाली उतरले आणि रिक्षाची दांडी धरून तसेच उभे राहिले.

"अष्टमीला मी मुद्दाम गिळलं," ते म्हणाले. "बोललो नाही, म्हणजे नियम राहिला, असं वाटलं मला. पण त्याआधी तू विचारलंस तेव्हा मशीनवर ढकललं. ते खोटं होतं. नियमाचं महाराज बघतील. या खोट्याची क्षमा तुझ्याकडून पाहिजे."

असू दे, आण्णा, हे केतकीच्या तोंडावर आलंच होतं. सुना तेच म्हणतात. म्हातारा माणूस उन्हात उभा होता, त्यानं आज तिच्यासाठी मुलगा आणि नियम दोन्ही घालवले होते, आणि असू दे म्हणायला काही लागत नव्हतं. पण इतके दिवस ती आपलं कामावरचं लक्ष, आपली आठवण, आपलं डोकं यांच्यावरच संशय घेत फिरली होती, आणि या माणसाला सगळं माहीत होतं.

"मला राग आहे, आण्णा," ती म्हणाली. "त्याचा आहे, आणि तुमचाही आहे. आज नाही जाणार तो."

आण्णांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"बरं," ते म्हणाले. "उद्या परत विचारतो." आणि पायरीशी चपला काढायला वाकले.